सासुरवाडीचा टँकर

२० मार्च २०१६, रविवार

ठरलं! मे महिन्यात केरळ! आणि हॉटेल-बिटेल नाही — बोटीवर राहायचं! हे संध्याकाळी आले ते फोन पुढं करतच. "हे बघ. आत पलंग, पंखा, स्वयंपाकघर, संडास — आणि चालते ही!" सुमेधा तेरा वर्षांची घोडी, पण तीही किंचाळली. आशू तर सोफ्यावर उड्याच मारायला लागला — "पाण्यावर झोपायचं! पाण्यावर झोपायचं!"

मी उठून खिडकी लावली.

समोर सुमनबाई नळाखाली घागर लावून बसल्या होत्या. आज नळाचा वार. किती दिवसांनी आला! आणि आमच्या घरातून पाण्याचा हा कल्ला.

यांच्याकडं तालुक्याच्या टँकरचं काम. कुठल्या गावाला किती खेपा जायच्या ते यांच्या सहीनं ठरतं. उन्हाळा लागला की रविवार नाही, सण नाही. लेकरं तुम्हाला विसरतील म्हणून मीच टोचत होते — आणि माणूस एकदम बोटच घेऊन आला. रजेचं विचारलं, तर म्हणाले, "साहेबांशी बोललोय. चार दिवस सांभाळतील."

खूश आहे. लई खूश! खिडकी लावून खूश.

२७ मार्च

पलंगाची बोट झाली. आशू पुढं, हातात लाटणं — ते वल्हं. सुमेधा मागं मोबाईलवर नकाशा घेऊन. मी मधे, सामान म्हणून! यांनी दारातून शिट्टी वाजवली. किती दिवसांनी हे असे हसले.

सुमेधानं सगळं शोधून काढलंय. बोट दुपारी निघते. आधी अरुंद कालवे, मग मोठं तळं. दिवस बुडायच्या आत काठाला बांधून ठेवतात, कारण मग कोळ्यांची जाळी पडतात. काठावर घरं, घरापुढं पायऱ्या, शेवटची पायरी पाण्यात. तिथली पोरं शाळेलासुद्धा बोटीनं जातात म्हणे. आशू म्हणतो, "मग त्यांची एसटी बुडत नाही का?"

त्याला पोहायला शिकवावं म्हणून चौकशी केली. तलाव बंद. पाणीच नाही. तिथला माणूस माझ्याकडं असा बघत होता, की मी नुसतं "बरं बरं" म्हणून निघाले.

मला स्वतःला भीती वाटते, पण सांगितली नाही. लहानपणी गावात पाणी म्हणजे डोक्यावरचं ओझं. आडातून शेंदायचं, वस्तीपर्यंत आणायचं, मान आखडायची. पाण्यावर आपण बसायचं आणि त्यानं आपल्याला न्यायचं — हे मला जन्मात सुचलं नसतं!

२ एप्रिल

शाळेत खोटं बोलले. स्टाफरूममध्ये सुट्टीचा विषय निघाला. मी म्हटलं, आम्ही लातूरला, यांच्या मोठ्या भावाकडं. सगळ्या हळहळल्या — "अहो लातूरला कशाला? तिथं प्यायला नाही! जाताना कॅन भरून न्या." एकीनं तर तिच्याकडचा रिकामा कॅन देऊ केला.

घेतला मी तो. काय करणार? पिशवीत टोप्या होत्या चौघांच्या, उन्हाच्या, बोटीसाठी घेतलेल्या. त्यावर कॅन ठेवून घरी आले.

५ एप्रिल

आज बोटवाल्याला मीच फोन लावला. यांना वेळ नाही आणि मला विचारायचं होतं — लहान मुलांची जॅकेटं असतात का, मुलांचा पलंग आमच्याच खोलीत लावता येईल का. थॉमस नावाचा माणूस. त्याचं हिंदी मोडकं, माझंही मोडकं. पण लई गोड बोलला. जॅकेट आहेत, मच्छरदाणी आहे, मुलांना गळ टाकून मासे धरायला देतो...

मग बुकिंग कुणाच्या नावावर ते विचारलं. यांचं नाव सांगितलं, रामकिशन. नाही म्हणाला. असं नाव नाही. पुन्हा बघा म्हटलं. "नांदेडकी एकही पार्टी है मॅडम. शेषेराव. पूरा पेमेंट हो गया. दो बडे, दो बच्चे."

मी "हां, हां, वही," म्हणून ठेवला.

शेषेराव टँकरवाला. यांच्या तालुक्यात पळतात ते सगळे टँकर त्याचेच.

६ एप्रिल

सकाळी यांना विचारलं. दाढी करत होते. आरशातूनच म्हणाले, "त्याचा पाहुणा आहे तिकडं. ओळखीनं होतंय म्हणून त्याच्या नावावर. मी देणार आहे त्याचं त्याला."

"कधी?"

"देणार म्हटलं ना! नवीन जिल्ह्याचं जाहीर होतंय एक मेला. सगळे म्हणून राहिले. झाला की मी तिकडच्या ऑफिसात, मोठ्या खुर्चीवर. मग हे टँकर नको आणि शेषेरावही नको. तू लेकरांच्या तयारीचं बघ."

नवीन जिल्हा! पाच वर्षं ऐकते आहे. प्रत्येक एक मेला होतो आणि दोन मेला नसतो.

पण मी मानलं. मानायचं होतं म्हणून मानलं. मला ती बोट हवी होती. इथं दुसरं कोणी वाचणार नाही म्हणून लिहिते.

१२ एप्रिल

लातूरला रेल्वेनं पाणी आलं. टीव्हीवर दिवसभर तेच. आशू विचारतो, "मग ती पाण्यावरची बोट तसलीच का, रेल्वेसारखी?" सुमेधानं टीव्ही बंद केला.

१५ एप्रिल

काल जयंतीला गावी गेलो. माझं माहेर, यांच्याच तालुक्यातलं. अहमदपूरच्या पुढं उतरायचं, मग जीप. एकशे पंचविसावी जयंती, म्हणून वस्तीनं जावयाला पाहुणा म्हणून बोलावलं होतं. जावई साहेब! निळे झेंडे, समाजमंदिराला रंग दिलेला. वंदना झाली. पंचशील म्हणताना दुसऱ्या शीलाला माझी जीभ अडली — जे दिलेलं नाही ते घेणार नाही. माझंच नाव पंचशीला. हे शेजारी उभे होते, हात जोडून, स्पष्ट म्हणत होते.

मग शाल, हार, टाळ्या. व्यंकटी, माझा धाकटा भाऊ, माईकवर म्हणाला, "आपले दाजी अख्ख्या तालुक्याला पाणी पाजतेत." टाळ्या वाजल्या. मी समोर बघत होते. समाजमंदिराच्या भिंतीला लागून ड्रम. निळे, पांढरे, ओळीनं. एकाचं झाकण उघडं होतं. आत कोळ्यानं जाळं विणलेलं.

जेवायच्या आधी केवळाबाईनं पाणी आणलं. मायच्या वयाची, शेजारची, मला अंगाखांद्यावर खेळवलेली. पाहुण्यांना काठोकाठ भरलेले तांबे. आशूनं दोन घोट घेतले आणि उरलेलं बाजूला ओतून दिलं! शहरात वाढलेलं लेकरू, त्याला काय. केवळाबाई ती ओली माती बघत राहिली. मीही बघत राहिले. वाळेपर्यंत.

आणि मग तोच. पंगतीत. मोठ्यानं. "आम्ही ना, बोटीत राहणार आहोत! सगळीकडं पाणी! खालीपण पाणी!"

एक म्हातारी हसली — "मग प्यायचं कुठून आणत्यात रं? का वाकून वंजळीनंच?" सगळे हसले. माय पण हसली. मला म्हणाली, "जावा बाई, दावा लेकरांना. आमी काय बघितलं."

भात कसाबसा संपवला. हात धुवायला उठले तर व्यंकटीनं मगातून जपून, धार धरून, बोटांपुरतंच पाणी सोडलं. मी हळूच विचारलं, "टँकर कधी आला होता?"

"तू कामून विचारतीस अक्का? लेकरांना जेवू घाल."

"व्यंकटी."

"येतो की," म्हणाला, आणि पाण्याचा मग घेऊन पुढच्याकडं गेला.

१६ एप्रिल

यांना काही विचारलं नाही. आज नाही. उद्या.

१९ एप्रिल

विचारलं नाही.

आज शेषेराव घरी आला. मी शाळेतून आलेच होते. आंब्यांची पेटी, आणि आशूला हवा भरायचं पिवळं चाक, बदकाच्या तोंडाचं. "बोटीत लागतं बाळा. पडलास तरी तरंगशील!" आशूनं तिथंच गळ्यात घातलं.

मी चहा ठेवला. पाणी दिलं. तो गटागटा प्याला आणि म्हणाला, "वहिनी, पाण्याचा धंदा लई वाईट. माणूस पाण्यात राहून कोरडा!" आणि मी हसले. हसले मी! मोठ्यानं हसले, पाहुण्यांच्या जोकला हसतात तसं.

तो गेल्यावर सुमेधा म्हणाली, "मम्मी, तू हसलीस." बास, एवढंच. दप्तर उचललं आणि आत गेली.

तिला किती कळतं?

२३ एप्रिल

सुमेधा बोटीचं बोलत नाही आता. नकाशा काढत नाही. आशू एकटाच पलंगावर वल्हवतो.

२४ एप्रिल, रविवार

माय पडली.

व्यंकटीचा फोन, सकाळी. माळावरच्या विहिरीत तळाला झरा आहे, बायका खाली उतरून वाटीनं घागर भरतात. मायनं सुनेला सांगितलं, तू लेकराला दूध पाज, मी जाते. या वयात! पायरी निसटली. खाली पाणी असतं तर वाचली असती, व्यंकटी म्हणाला. दगडावर पडली. खुब्याचं हाड.

जीपमधून नांदेडला आणलं. सरकारी दवाखाना. हे हातातलं सगळं टाकून आले. स्ट्रेचर ह्यांनीच धरला, रक्तासाठी पळाले, डॉक्टरांच्या मागं फिरले. जावई आहे की मुलगा, असं शेजारच्या खाटेवरच्या बाईनं विचारलं.

ऑपरेशन परवा.

२६ एप्रिल

झालं ऑपरेशन. बरं झालं म्हणतात. शुद्धीवर आल्यावर मायचं पहिलं बोलणं — "तुमची गाडी कवाची हाय? माझ्यापायी राहू नका. लेकरं आस लावून बसल्यात."

मी बाहेर आले. व्हरांड्यात हे बाकावर बसले होते, डबा उघडून. मीही बसले. विचारलं, "माझ्या गावाला टँकर जातो का?"

घास तसाच राहिला हातात.

"जातो."

"रोज?"

"कधी कधी."

"आणि बाकीच्या खेपा?"

इकडं तिकडं बघितलं. "विकतो शेषेराव. लातूरच्या हॉटेलांना, बांधकामांना. पंचशीला, सगळीकडं चालतं हे. मी एकटा नाही. मी सही केली नाही तर दुसरा करील."

"किती गावांचं?"

"सगळ्यांचं नाही. थोड्याच."

"मग माझंच का?"

डब्याचं झाकण लावत म्हणाले, अगदी हळू, जसं काही साधीच गोष्ट आहे — "तिथून तक्रार येत नाही ना."

जावयाचं गाव. जावयाविरुद्ध कोण बोलणार!

मी उठून आत आले. माय पाणी मागत होती. चमच्यानं पाजताना निम्मं सांडलं, तिची मान ओली झाली. "सांडू नको गं," म्हणाली.

२८ एप्रिल

व्यंकटीला दवाखान्याच्या फाटकाबाहेर नेलं, रसवंतीवर. विचारलं, तुम्हाला माहीत होतं?

"हाव."

"कधीपासून?"

"होळीपासून. डायव्हरच सांगून राहिला हुता, तुमचं पाणी तिकडं रिकामं करतो म्हणून. आमी निघालोच हुतो अर्ज द्यायला. मायनं अडवलं."

"मायनं?"

"समाजमंदिरात सगळ्यांना गोळा केलं तिनं. म्हणली, तोंड उघडलं तर माझ्या पोरीचं घर मोडंल. आपला जावई हाय, पाऊस पडस्तोर सोसा. म्हातारीनं पदर पसरला अक्का. कोण न्हाई म्हणंल?"

रस तसाच राहिला. बर्फ विरघळून गेला.

म्हणजे जयंतीच्या दिवशी टाळ्या वाजवणाऱ्या त्या सगळ्यांना माहीत होतं. शाल घालणाऱ्याला माहीत होतं. बोट कोणाची ते त्यांनी ओळखलं असेल. आणि हसले! माझ्यासाठी हसले. मी शेषेरावपुढं हसले तसं नाही — मला वाचवायला.

अशी लाज मी कधी भोगली नाही. अंगावरची साडीसुद्धा नको वाटली.

२९ एप्रिल

थॉमसला फोन केला. नाही येत म्हटलं, घरी आजारपण. तो चांगला माणूस, म्हणाला, "मदरका ख्याल रखो मॅडम, पानी इधरही रहेगा."

आशूला सांगितलं. पिवळं चाक गळ्यात घालून तासभर रडला. सुमेधा रडली नाही. म्हणाली, "मग आजीच्या गावाला टँकर कधी जाणार?"

तिनं सगळं ऐकलेलं. व्हरांड्यातलं नाही, घरातलंच. यांचे फोन. आपल्या घराच्या भिंती पातळ आहेत, मी खिडक्याच लावत बसले.

मला वाटलं होतं बोट रद्द केली की हलकं वाटेल. हलकं-बिलकं काही नाही. आपण जायचं नाही म्हटल्यानं तिथं एक घागर भरत नाही.

१ मे, रविवार

सविस्तर लिहिते. विसरायचं नाही म्हणून.

आज ग्रामसभा असते सगळीकडं. यांना तालुक्याच्या साहेबांबरोबर माझ्याच गावी जायचं होतं. मी आधीच पहिल्या एसटीनं गेले. मायला सांगितलं नाही. सुमेधाला तिच्यापाशी बसवलं.

आधी केवळाबाईकडं गेले. म्हटलं, मी आज बोलणार आहे, तुम्ही बोलाल का? ती भाकरी थापत होती. थांबली नाही. म्हणाली, "तुझ्या मायला वचन दिलंय आमी. तू दिलं न्हाईस. तू बोल. मग बघू."

शाळेच्या मैदानात मंडप. हे साहेबांशेजारी खुर्चीवर. मला बघून उठायला लागले — वाटलं असेल मायचं काही झालं. मी हात केला, बसा. बायकांत बसले.

साहेबांनी विचारलं, पाण्याची काही अडचण? नेहमीसारखे सगळे गप्प. सरपंच म्हणाले, "न्हाई साहेब. आपल्या जावयाकडंच काम हाय. आमाला कशाची अडचण?"

मी उभी राहिले. म्हटलं, "वस्तीला टँकर येत नाही. होळीपासून. माझी आई विहिरीत पडली ती त्यामुळंच."

सरपंच म्हणाले, "बाई, तुमी दिल्या घरी गेल्यात. गावच्या सभेत तुमचं काय काम?"

मागून केवळाबाई उठली. "लेक गावचीच असती! मीबी सांगते, टँकर येत न्हाई." मग तिच्या शेजारची. मग व्यंकटी. मग एकदम किती तरी जण. वरच्या आळीतलेसुद्धा उठले — त्यांनाही निम्मंच मिळत होतं, बोलले नव्हते एवढंच.

साहेब यांच्याकडं वळले. "काय हो, काय म्हणतात हे लोक?"

मी तयारी करून गेले होते. हे नाही म्हणतील, मग मी शेषेरावचं नाव घेणार, बोटीचं सांगणार, लाज सोडून सगळं सांगणार. 

हे उठले. शर्टाच्या खिशातला पेन काढला, परत ठेवला. म्हणाले, "खरं आहे साहेब."

एवढंच. खाली बसले. माझ्याकडं एकदाही बघितलं नाही.

"खरं आहे" ह्याची मी तयारी केली नव्हती.

नवीन जिल्हा काही झाला नाही.

२ मे

मायला कळलं. व्यंकटीनं सांगितलं. तिनं भिंतीकडं तोंड केलं. "माय," म्हटलं. हलली नाही. दूध दिलं तर नर्सच्या हातून प्याली.

४ मे

हे लातूरला गेले. मोठ्या भावाकडं, म्हणाले. एक बॅग घेतली. भांडण नाही, आवाज नाही. दारात आशूच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "मम्मीला त्रास देऊ नको." मी स्वयंपाकघरात उभी होते. बाहेर येता आलं नाही.

७ मे

निलंबनाचं कळलं. पेपरात चार ओळी. शेषेरावचे टँकर काढून घेतले, दुसऱ्याला दिले. शाळेत सगळ्या माझ्याशी फार चांगलं वागल्या. एकीनं डबा दिला. कॅन दिला होता तिनंच.

सुमनबाई नळावर म्हणाल्या, "नवऱ्याला कुणी असं भर सभेत...?" वाक्य पुरं केलं नाही.

बरोबर केलं का मी? घरात सांगता आलं असतं. आधी सांगता आलं असतं. ५ एप्रिललाच, थॉमसनं नाव घेतलं तेव्हा. तेव्हा बोलले असते तर माय विहिरीवर गेली नसती. मी तेव्हा टोप्या मोजत होते.

१२ मे

मायला घरी आणलं, माझ्याकडं. पुढच्या खोलीत खाट. सगळं करते तिचं — अंग पुसते, भांडं देते, व्यायाम करून घेते. ती माझ्याशी एक शब्द बोलत नाही. आशूशी बोलते. सुमेधाशी बोलते. मला काही सांगायचं असलं तर सुमेधाकरवी.

काल सुमेधाला म्हणाली, "तुझ्या मायला सांग, मी सोसलं ते वाया घालवलं तिनं."

मला ऐकू येईल अशा बेतानंच म्हणाली.

१६ मे

आज निघायचा दिवस होता. आशू विसरलाय असं वाटत होतं. सकाळी उठल्याबरोबर म्हणाला, "आज आपण गाडीत असतो ना?"

लातूरला फोन लावला. मोठ्या भाऊजींनी उचलला. "तो इथं नाही," म्हणाले. कुठं आहेत? "मला काही बोलू नको म्हणालाय." आणि ठेवला.

नाही नाही ते मनात येतं. लिहीत नाही.

२१ मे, बुद्ध पौर्णिमा

व्यंकटी आला मायला बघायला. खीर केली होती, वाढली. विचारलं, टँकर येतो का आता?

"येतो की. दाजीच पाइप धरत्यात."

मी बघतच राहिले.

"लातूरहून दुसऱ्याच दिशी आलते. समाजमंदिरात राहतेत. टँकर आला की अगोदर म्हाताऱ्यांच्या घागरी भरतेत, मग बाकीच्यांच्या. कुणी बोलत न्हाई त्यांना. केवळाबाई भाकर आणून ठेवती, तीबी बोलत न्हाई. तुला सांगू नको म्हणले. अक्काला दावाया तोंड न्हाई म्हणले."

माय खाटेवरून ऐकत होती. वीस दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडं तोंड करून म्हणाली —

"जा. पर काही बोलू नको त्याला. नुसती बाजूला जाऊन हुभी राहा."